शेवटून पहिला नंबर

३ मे २०१२ च्या रात्री गहुंज्याच्या नव्याकोऱ्या मैदानावर पुणे वॉरियर्सच्या गोलंदाजांनी मुंबई इंडियन्सला वीस षटकांत १२० धावांवर रोखले. आव्हान १२१ चे, म्हणजे षटकामागे जेमतेम सहा धावा. टी-ट्वेंटीत एवढ्या धावा काढायला कुणाला शतक ठोकावे लागत नाही, की कुणाची पुण्याई पणाला लावावी लागत नाही. पुण्याने वीसच्या वीस षटके खेळून काढली, सहा गडी गमावले आणि ११९ धावा केल्या. चार गडी हातात असताना सामना एका धावेने गेला.

साफ धुलाई झालेल्या संघाची निदान कीव तरी येते. असा हरलेला संघ पाहिला की चिडचिड होते. वीस षटकांत कधीतरी कुणीतरी एक चोरटी धाव घ्यायची टाळली असणार, एखादा सोडून देण्याजोगा चेंडू उगाच तटवला असणार. ती हरवलेली एक धाव कोणाच्या खात्यावर मांडायची, यावर कट्ट्यावर तासभर वाद घालता येतो आणि त्यातून हाती काहीच लागत नाही.

हा वॉरियर्सचा सलग चौथा पराभव होता. त्या मोसमात अजून पाच व्हायचे होते.

या संघाची कथा मैदानावर सुरू झाली नाही. ती सुरू झाली चेन्नईत, २१ मार्च २०१० रोजी, आयपीएलच्या दोन नव्या संघांच्या लिलावात. सुब्रत रॉय यांच्या सहारा समूहाने पुण्यासाठी ३७ कोटी डॉलर मोजले, तेव्हाच्या हिशेबाने सुमारे १,७०२ कोटी रुपये. कोची गेले ३३ कोटी ३३ लाख डॉलरला. हे आकडे केवढे, ते कळायला दोनच वर्षे मागे जावे लागते. २००८ च्या पहिल्या लिलावात सर्वांत महागडा संघ होता मुंबईचा, ११ कोटी १९ लाख डॉलरचा. आणि आठही संघ मिळून गेले होते सुमारे ७२ कोटी डॉलरला. म्हणजे २०१० मध्ये पुणे आणि कोची या दोन शहरांची किंमत जवळपास त्या आठांएवढी झाली. त्यात पुण्याची बोली सर्वांत वरची.

एवढी बोली लागली ती एका हिशेबावर. दहा संघ झाले की प्रत्येकाने प्रत्येकाशी घरी एक आणि बाहेर एक सामना खेळायचा, असे मिळून ९४ सामने होणार होते. सामने जितके जास्त, तितका घरच्या मैदानावरचा गल्ला मोठा. प्रत्यक्षात २०११ च्या मोसमात ७४ सामनेच झाले आणि प्रत्येक संघाच्या वाट्याला १४ आले. कमी सामन्यांसाठी पूर्ण पैसे का भरायचे, हा सहाराचा सवाल होता आणि तो अगदीच बिनबुडाचा म्हणता येणार नाही. वॉरियर्स पुढे तीन वर्षे जे क्रिकेट खेळले, त्यामागे हा वाद सतत धुमसत राहिला. संघ मैदानावर हरत होता आणि त्याचे मालक क्रिकेट मंडळाशी भांडत होते. या दोन गोष्टी वेगवेगळ्या मानून ही कथा समजत नाही.

पहिल्या वर्षी तर पुण्याच्या या संघाला पुण्यात मैदानच नव्हते. स्वारगेटजवळचे नेहरू स्टेडियम महापालिकेचे, जुने आणि लहान. एक मोठा दिवस मात्र त्याच्या नावावर होता. २९ फेब्रुवारी १९९६ रोजी विश्वचषकात केनियाने तिथे वेस्ट इंडीजला ९३ धावांत गुंडाळले होते. स्वतः केनियाच्या धावा १६६. ब्रायन लारासकट वेस्ट इंडीजचा अख्खा संघ नवख्यांपुढे कोलमडला आणि पुणेकरांनी केनियाला डोक्यावर घेतले. दुबळ्याची बाजू घेण्याची या शहराला हौस आहे, हे तेव्हा सिद्ध झाले होते. हे लक्षात ठेवायला हवे, कारण पुढे स्वतःच्याच दुबळ्या संघाला हे प्रेम फारसे मिळाले नाही.

२०११ मध्ये वॉरियर्सचे घर होते नवी मुंबईत, नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर. कर्णधार युवराज सिंग. २ एप्रिलला वानखेडेवर विश्वचषक जिंकून स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेला युवराज आठच दिवसांनी वॉरियर्सचा संघ घेऊन नेरूळला उतरला. लिलावात त्याला १८ लाख डॉलर मिळाले होते आणि रॉबिन उथप्पाला त्याहून जास्त, २१ लाख. पहिले दोन सामने जिंकले आणि पुढचे सात हरले. शेवटी चौदात चार विजय, नऊ पराभव, एक सामना पावसात. दहा संघांत नववा क्रमांक. या पडझडीत हाती लागला तो राहुल शर्मा, पंजाबचा उंचापुरा लेगस्पिनर. त्याने १६ बळी घेतले, तेही षटकामागे साडेपाचच्या आत धावा देऊन. आणि हंगामाच्या मध्यावर, मे महिन्यात, एक ओळखीचा चेहरा आला. जानेवारीच्या लिलावात ज्याला कुणीही विकत घेतले नव्हते, तो सौरव गांगुली जायबंदी आशिष नेहराच्या जागी वॉरियर्सकडून उतरला आणि पहिल्याच डावात ३२ धावांवर नाबाद राहिला. हैदराबादमधला तो सामना पुण्याने जिंकला.

आता २०१२ कडे यायचे, पण त्याआधी फेब्रुवारीतली एक सकाळ पाहावी लागते.

४ फेब्रुवारी २०१२ रोजी बंगळुरूत खेळाडूंचा लिलाव होता. त्याच सकाळी सहाराने जाहीर केले की भारतीय संघाचे प्रायोजकत्व सोडले आणि आयपीएलही सोडले. कारणांची यादी लांब होती. त्यात एक कारण असे होते की ते ऐकून कुणालाही गप्प व्हावे लागले: युवराजला कर्करोग झाला होता, तो अमेरिकेत केमोथेरपी घेत होता आणि त्याच्यावर खर्च झालेली रक्कम लिलावात वापरू द्यावी ही मागणी मंडळाने मानली नव्हती. नियमाच्या बाजूने बोलायचे तर मंडळही चूक नव्हते. पण व्हायचे ते झाले. इतर सगळे संघ बोली लावत होते आणि पुण्याचे टेबल रिकामे होते. दोनेक आठवड्यांत समेट झाला, सहारा परतले, संघ उभारायला थोडी सवलतही मिळाली. पण लिलाव तर होऊन गेला होता. मग जे मिळतील ते गोळा करायचे, असा मामला. ऑस्ट्रेलियाचा कर्णधार मायकल क्लार्क मोसमाच्या मध्यावर येणार, वेस्ट इंडीजचा मार्लन सॅम्युअल्स, आधीपासून संघात असलेले न्यूझीलंडचा जेसी रायडर आणि श्रीलंकेचा अँजेलो मॅथ्यूज, आणि ज्याचे नाव तेव्हा कुणी फारसे घेत नव्हते असा बावीस वर्षांचा स्टीव्ह स्मिथ. कर्णधार आणि मार्गदर्शक अशा दोन्ही टोप्या गांगुलीच्या डोक्यावर. तो तेव्हा ३९ वर्षांचा होता आणि आंतरराष्ट्रीय क्रिकेट सोडून त्याला तीन वर्षे उलटली होती.

मैदान मात्र अखेर तयार झाले होते. मुंबई-पुणे द्रुतगती महामार्गाला लागून, मावळ तालुक्यातल्या गहुंजे गावी, लंडनच्या हॉपकिन्स आर्किटेक्ट्स या संस्थेने आखलेले. १ एप्रिल २०१२ रोजी, आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेचे तेव्हाचे अध्यक्ष शरद पवार यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. नाव दिले सुब्रत रॉय सहारा स्टेडियम. देखणे मैदान, यात शंका नाही. पण पुण्यातल्या माणसाला तिथे जाणे म्हणजे एक मोहीम. खडकवासल्याहून निघालेल्या माणसाने नांदेड फाट्याच्या कोंडीतून वाट काढायची, वडगावच्या पुलापाशी बायपासला लागायचे, वारजे, चांदणी चौक, बालेवाडी, वाकड मागे टाकत रावेत-किवळ्याकडे जायचे, असा तिसेक किलोमीटरचा प्रवास. सामना साडेअकराला संपला की परतीला तेवढाच. लोकलने जायचे तर देहूरोड किंवा बेगडेवाडीला उतरून पुढे पायपीट.

गंमत अशी की २०१२ मध्ये गहुंजे पुणे महापालिकेच्या हद्दीत नव्हते, तसेच खडकवासलाही नव्हते. शहर पाणी प्यायचे हद्दीबाहेरच्या धरणाचे आणि क्रिकेट पाहायचे हद्दीबाहेरच्या मैदानावर. खडकवासला २०२१ मध्ये हद्दीत आले; गहुंजे आजही बाहेरच आहे. आणि 'वॉरियर्स' म्हणावे असे खरोखरचे लढवय्ये १९५५ पासून खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत तयार होतात, त्यांना कुणी लिलावात बोली लावत नाही, हेही जाता जाता.

सुरुवात झोकात झाली. ६ एप्रिलला वानखेडेवर पुण्याने १२९ धावाच केल्या, पण अशोक दिंडाने १७ धावांत चार बळी घेत मुंबईला १०१ वर थोपवले. सामनावीर स्टीव्ह स्मिथ, ३९ धावा. दोन दिवसांनी गहुंज्यात आयपीएलचा पहिला सामना झाला आणि पंजाबला २२ धावांनी हरवून घरभरणी साजरी झाली. १४ एप्रिलला तर धोनीच्या चेन्नईला इथेच सात गडी राखून धूळ चारली. २१ एप्रिलला दिल्लीत गांगुलीने बॅट आणि चेंडू दोन्ही चालवले, रायडरने ८६ धावा केल्या आणि १९२ धावांचा डोंगर रचून पुण्याने २० धावांनी विजय मिळवला. सात सामने, चार विजय. या टप्प्यावर गुणतालिका पाहिलेल्या कुणालाही हा संघ शेवटचा येईल असे सांगितले असते तर त्याने वेड्यात काढले असते.

अर्थात भेगा दिसत होत्या. १७ एप्रिलला बंगळुरूत १८२ धावा करूनही सामना गेला. गेल्या वर्षीचा हिरो राहुल शर्मा, त्याच्या एका षटकात ख्रिस गेलने लागोपाठ पाच षटकार मारले. तरीही शेवटच्या षटकात बंगळुरूला २१ धावा हव्या होत्या. चेंडू नेहराच्या हाती. ए. बी. डिव्हिलियर्सने त्याला उचलून मारले आणि शेवटच्या चेंडूवर सौरभ तिवारीने षटकार ठोकून खेळ संपवला. एखाद्या संघाचा आत्मविश्वास अशा रात्री गळतो. दिल्लीच्या विजयाने ती जखम झाकली गेली, इतकेच.

२४ एप्रिलपासून उतरण लागली. त्या दिवशी दिल्लीचाच संघ गहुंज्याला आला होता. पुण्याने वीस षटकांत फक्त दोन गडी गमावले आणि धावा केल्या १४६. आठ गडी शाबूत ठेवून १४६! हा टी-ट्वेंटीतला कंजूषपणा झाला. वीरेंद्र सेहवागने नाबाद ८७ धावा करत तो हिशेब आठ गडी राखून चुकता केला. दोन दिवसांनी डेक्कन चार्जर्स आले. या संघाला त्या मोसमात तोवर एकही विजय मिळाला नव्हता. तो पुण्याने मिळवून दिला, १८ धावांनी. १ मे, महाराष्ट्र दिनी, कटकला पुन्हा डेक्कनशीच गाठ पडली आणि पुन्हा हार, १३ धावांनी. डेक्कनने त्या हंगामात एकूण चार सामने जिंकले. त्यातले निम्मे पुण्याविरुद्ध. शेवटी डेक्कनचे नऊ गुण झाले आणि पुण्याचे आठ. या दोनपैकी एक जरी सामना जिंकला असता तरी तळाची पाटी डेक्कनच्या गळ्यात गेली असती.

मग ती एका धावेची रात्र. आणि तिच्यानंतर दोनच दिवसांनी, ५ मे रोजी, कोलकाता.

या सामन्याची जाहिरात करायची गरजच नव्हती. ज्या शहराने गांगुलीला घडवले, ज्या संघाने त्याला बाजूला सारले, त्या शहरात त्या संघाविरुद्ध तो परक्या रंगाचा गणवेश घालून उतरणार होता. ईडन गार्डन्सची गर्दी दुभंगली होती. आपल्या संघाला टाळ्या द्याव्यात की दादाला, हे लोकांचे ठरत नव्हते. कोलकात्याने १५० धावा केल्या. गांगुलीने ३६ काढल्या. पुणे १४३ वर थांबले, सात धावांनी मागे. पुण्याच्या संघाचा सर्वांत भावनेने भरलेला सामना कोलकात्यात झाला आणि तो कोलकात्याच्या माणसाविषयी होता. पुणेकरांना त्यात काय मिळाले, हा प्रश्न विचारला तर उत्तर अवघड आहे.

इथे गांगुलीविषयी सरळ बोलायला हवे. त्याने भारतीय संघाला लढायला शिकवले, याबद्दल वाद नाही. पण २०१२ च्या त्या हंगामात तो वरच्या फळीत खेळून चेंडूमागे एक धावही काढत नव्हता. कर्णधार आणि मार्गदर्शक एकच माणूस असला की त्याला वगळायचे कोणी? उथप्पाने त्या मोसमात चारशेच्या वर धावा केल्या, स्मिथ बरा खेळला, तरी डावाच्या सुरुवातीला जी षटके हातची गेली ती परत आली नाहीत. सगळा दोष त्याचा नाही. ज्या संघाला लिलावात बसताच आले नाही, त्याच्याकडे पर्यायही फारसे नव्हते.

पुढचे पराभव भराभर आले. राजस्थानकडून सात गडी राखून, बंगळुरूकडून ३५ धावांनी, पुन्हा राजस्थानकडून जयपूरला ४५ धावांनी. १९ मेला गहुंज्यात कोलकात्याने ३४ धावांनी हरवले आणि आठ दिवसांनी तोच संघ विजेता झाला. पुण्याचे सोळापैकी बारा पराभव, शेवटचे नऊ लागोपाठ. घरच्या आठपैकी सहा गेले. नऊ संघांत नववा, म्हणजे शेवटून पहिला नंबर.

हरणारे संघ जगभर असतात आणि त्यांतले काही लाडकेही होतात. अमेरिकेतल्या बेसबॉलमध्ये १९६२ साली न्यूयॉर्क मेट्स हा नवा संघ आला. इतर संघांनी मोकळे केलेले, वयस्क आणि उरलेसुरले खेळाडू घेऊन बांधलेला. पहिले नऊ सामने हरला आणि मोसमाअखेर ४० विजय, १२० पराभव अशी नोंद झाली. तरीही न्यूयॉर्कने त्यांना जीव लावला. त्याला कारण होते. पाच वर्षांपूर्वी शहराचे दोन जुने संघ, डॉजर्स आणि जायंट्स, कॅलिफोर्नियाला निघून गेले होते. लोकांच्या मनात एक जागा रिकामी होती आणि मेट्स त्या जागेवर आले. सात वर्षांनी, १९६९ मध्ये, याच संघाने वर्ल्ड सिरीज जिंकली.

पुण्यात अशी रिकामी जागा नव्हती. इथे रणजी करंडकाची आठवण होती, दि. ब. देवधरांच्या महाराष्ट्राने १९३९-४० आणि १९४०-४१ असा दोनदा लागोपाठ जिंकलेला. वॉरियर्सच्या संघात मुख्य नावे कोण? पंजाबचा युवराज, कर्नाटकचे उथप्पा आणि मनीष पांडे, बंगालचे गांगुली आणि दिंडा, उत्तर प्रदेशचा भुवनेश्वर कुमार. पुण्याचा स्वतःचा केदार जाधव त्या वर्षांत दिल्लीकडून, कोचीकडून खेळत होता. इतर शहरांच्या संघांतही परके होतेच. पण मुंबईकडे सचिन होता, चेन्नईने धोनीला आपला करून घेतले होते. वॉरियर्स पुण्यात भाडेकरूसारखे राहिले: नावाची पाटी लावली, पण शेजाऱ्यांशी बोलणे झाले नाही. म्हणून हरल्यावर शहर रडले नाही, विनोद करत राहिले. रिक्षात, चहाच्या टपरीवर, नंतर फेसबुकवर. पुणेकर ज्याच्यावर प्रेम करतो त्याच्यावर रागावतो. वॉरियर्सवर फारसे कुणी रागावलेच नाही.

२०१३ मध्ये गांगुली नव्हता, युवराज आजारातून उठून परतला होता आणि कर्णधारपद मॅथ्यूजकडे आले. ५ एप्रिलला हैदराबादेत १२७ चा पाठलाग जमला नाही. ७ एप्रिलला गहुंज्यात पंजाबसमोर ९९ धावाच झाल्या. आधीचे नऊ आणि हे दोन मिळून सलग अकरा पराभव झाले, आयपीएलमधला विक्रमच. ११ एप्रिलला अॅरन फिंचने राजस्थानविरुद्ध ६४ धावा करून ही माळ तोडली, तेव्हा मागच्या विजयाला जवळपास वर्ष होत आले होते. १५ तारखेला चेन्नईत धोनीच्या संघाला हरवले, तेही कर्णधाराशिवाय, कारण तमिळनाडूतल्या राजकीय विरोधामुळे त्या वर्षी श्रीलंकेच्या खेळाडूंना चेन्नईत उतरवले जात नव्हते. मॅथ्यूज बाहेर बसला आणि संघ जिंकला. योगायोगच, पण संघनिवडीवर तो बोलका होता. पुढे कर्णधारपद फिंचकडे गेले.

आणि मग पुन्हा नऊ हरले. त्यातली २३ एप्रिलची दुपार क्रिकेटच्या नोंदवहीत कायमची बसली. बंगळुरूच्या चिन्नास्वामी मैदानावर फिंचने नाणेफेक जिंकली आणि क्षेत्ररक्षण घेतले. गेलने ३० चेंडूंत शतक केले आणि ६६ चेंडूंत नाबाद १७५. १३ चौकार, १७ षटकार. बंगळुरू ५ बाद २६३. त्या डावाच्या गोलंदाजीचे तक्ते वाचताना हसावे की रडावे कळत नाही: अली मुर्तझाच्या दोन षटकांत ४५, मिचेल मार्शच्या तीन षटकांत ५६, आणि बाकीच्यांचे हाल बघून स्वतः चेंडू हाती घेतलेल्या कर्णधार फिंचच्या एकाच षटकात २९. पण याच तक्त्यात एक ओळ अशी आहे की ती खोटी वाटावी. भुवनेश्वर कुमार: चार षटके, २३ धावा. ज्या वादळात बहुतेक गोलंदाजी उडून गेली त्यात मेरठचा हा मुलगा षटकामागे सहाच्या आतच राहिला. पुण्याने उत्तरात १३३ केल्या आणि १३० धावांनी हार झाली.

असा मार खाणाऱ्यांची एक जुनी गोष्ट पुण्यातच घडली होती. डिसेंबर १९४८, पूना क्लबचे मैदान. महाराष्ट्राच्या भाऊसाहेब निंबाळकरांनी काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा केल्या होत्या, डॉन ब्रॅडमन यांच्या ४५२ च्या विश्वविक्रमापासून फक्त नऊ धावा दूर. तेव्हा काठियावाडच्या कर्णधाराने आणखी शोभा नको म्हणून सामनाच सोडून दिला. निंबाळकरांचा विक्रम राहून गेला. वॉरियर्सना ती सोय नव्हती. प्रक्षेपणाचे पैसे भरलेले होते, वीस षटके टाकणे भाग होते.

तीन हंगामांचा ताळा केला तर एक गोष्ट डोळ्यांत भरते. एकूण ४६ सामने, १२ विजय, ३३ पराभव, एक अनिर्णित. या ३३ पैकी सात, अकरा आणि नऊ असे तीन सलग गठ्ठेच २७ चे आहेत. म्हणजे हा संघ अधूनमधून हरणारा नव्हता. एकदा हरायला लागला की थांबवणारे कुणी नसायचे. सावरायला जे लागते ते या संघाकडे नव्हते: बरेच दिवस एकत्र खेळलेली माणसे, ज्याचे सगळे ऐकतात असा एखादा प्रशिक्षक, उद्याही आपण इथेच आहोत याची खात्री. कर्णधार दरवर्षी बदलला, २०१३ मध्ये तर एकाच मोसमात अनेकदा. मालक राहणार की जाणार, हे खेळाडूंनाही वर्तमानपत्रात वाचून कळायचे.

१९ मे २०१३ रोजी गहुंज्यात दिल्लीला ३८ धावांनी हरवून मोसम संपला. या वेळी शेवटचा नंबर दिल्लीचा होता, पुणे आठवे. दोनच दिवसांनी मंडळाने थकलेल्या शुल्कापोटी सहाराची बँक हमी वटवली आणि सहाराने आयपीएलमधून अंग काढून घेतले. २६ ऑक्टोबर २०१३ रोजी मंडळाने संघ अधिकृतपणे बंद केला. फेब्रुवारी २०१४ मध्ये गुंतवणूकदारांच्या पैशांच्या प्रकरणात सुब्रत रॉय यांना अटक झाली. स्टेडियमवरचे त्यांचे नावही पैशांच्या वादात उतरले आणि ते नुसते महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनचे स्टेडियम झाले.

वॉरियर्स बुडत असतानाच, ज्याच्यासाठी कुणी बोली लावली नव्हती असा एक संघ याच शहरातून वर येत होता. रोहित मोटवानीच्या नेतृत्वाखालच्या महाराष्ट्राने २०१३-१४ च्या रणजी मोसमात उपांत्यपूर्व फेरीत मुंबईला वानखेडेवर लोळवले, उपांत्य सामन्यात बंगालला हरवले आणि अंतिम फेरी गाठली. हैदराबादेत कर्नाटकने त्यांना हरवले खरे, पण केदार जाधवने त्या मोसमात १,२२३ धावा केल्या होत्या. मैदाने रिकामी होती, टीव्हीवर फार कुणी पाहत नव्हते.

आयपीएल पुण्यात परत आली ती २०१६ मध्ये, संजीव गोएंका यांचा रायझिंग पुणे सुपरजायंट्स घेऊन. या वेळी आडवे आले पाणी. पावसाने दगा दिला होता. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर या साखळीत साठा इतका कमी होता की सप्टेंबर २०१५ पासून पुण्यात एक दिवसाआड पाणी येत होते. मराठवाड्यात तर परिस्थिती याहून कितीतरी वाईट. लोक टँकरच्या रांगेत आणि मैदानावर हिरवळ, हे चित्र मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि न्यायालयाने एप्रिलअखेरनंतरचे सामने महाराष्ट्राबाहेर नेण्याचा आदेश दिला. सुपरजायंट्सनी विशाखापट्टणम गाठले. धोनी कर्णधार असूनही चौदात नऊ पराभव, आठ संघांत सातवा नंबर. पुढच्या वर्षी स्मिथच्या कर्णधारपदाखाली हाच संघ थेट अंतिम सामन्यात पोहोचला. त्या मोसमात पुण्याला अखेर आपला म्हणावा असा खेळाडू मिळाला, राहुल त्रिपाठी. याच संघाने बेन स्टोक्सवर साडेचौदा कोटी खर्चले होते; त्रिपाठी मिळाला होता दहा लाखांना. त्याने ३९१ धावा काढल्या. मग दोन वर्षांची मुदत संपली आणि हाही संघ गेला.

२०१८ मध्ये कावेरीच्या आंदोलनामुळे चेन्नई सुपर किंग्जना आपले सामने गहुंज्याला हलवावे लागले. चेन्नईहून चाहत्यांची खास रेल्वेगाडी भरून आली आणि पुणेकरही पिवळे टी-शर्ट घालून त्यांच्यात मिसळले. वॉरियर्सनी या मैदानावर दोन मोसमांत सोळा सामने खेळून चार जिंकले होते. पाहुण्या चेन्नईने सहा खेळून पाच जिंकले आणि विजेतेपदही नेले. याच चेन्नईचा कर्णधार २०२४ मध्ये झाला ऋतुराज गायकवाड, थेरगावच्या वेंगसरकर अकादमीत घडलेला. २०१२ च्या त्या उन्हाळ्यात तो पंधरा वर्षांचा होता.

जून २०२३ मध्ये गहुंज्यात महाराष्ट्र प्रीमियर लीग सुरू झाली. सहा संघ, सगळे खेळाडू महाराष्ट्रातले. पुण्याच्या संघाचे नाव पुणेरी बाप्पा आणि कर्णधार ऋतुराज. केदार जाधव कोल्हापूरचा संघ घेऊन उतरला होता. अंतिम सामना झाला रत्नागिरी आणि कोल्हापूर यांच्यात, आणि करंडक कोकणात गेला.